हॉट १०० च्या पहिल्या चाळिसात एकही रॅप गाणं नव्हतं, हे काय चाललंय?

गुणगुण्या

लोकहो, एक शंका आहे, जाणकारांनी जरा उजेड पाडावा. मी काही दर आठवड्याला चार्ट बघणारा माणूस नाही, पण मध्यंतरी एक बातमी वाचली आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या हॉट १०० मध्ये (तिथल्या लोकप्रिय १०० गाण्यांची दर आठवड्याची यादी) ऑक्टोबर २०२५ च्या एका आठवड्यात पहिल्या ४० गाण्यांत एकही रॅप गाणं नव्हतं आणि असं म्हणे १९९० नंतर पहिल्यांदाच झालं. आता २०१८ आठवा, एकटा रॅपर ड्रेक तीन गाण्यांच्या जोरावर वर्षातले २९ आठवडे एक नंबरला ठाण मांडून होता, तेव्हा वाटायचं बाकीच्यांनी आता दुकान बंद करावं. सात वर्षांत एवढं फिरलं?

दुसरं म्हणजे कंट्री, अमेरिकेतलं गावाकडचं संगीत. हे संगीत माझ्या लेखी घोडा, टोपी आणि बॅन्जो एवढंच होतं, आता कुठलीही हिट गाण्यांची प्लेलिस्ट लावा, दर चारपाच गाण्यांनी कोणीतरी ट्रक आणि व्हिस्कीबद्दल गातंच. आणि तिसरं, काही गाणी वर्ष-दीड वर्ष यादीतून हलतच नाहीत, भाडेकरू खोली सोडत नाही तसं.

तर लोकांची आवड खरंच बदलली का मोजण्यातच काही गंमत आहे? "हल्लीच्या गाण्यांत दम नाही" वाले प्रतिसाद कृपया नकोत, ते मी घरी स्वतःच देत असतो.

अर्धी मात्रा

त्या बातमीचा मथळा सगळ्यांनी वाचला, आतला मजकूर फार कमी लोकांनी. सांगतो.

हॉट १०० मध्ये जुन्या गाण्यांना बाहेर काढायचा एक नियम आहे. आधी असं होतं की २० आठवडे झालेलं गाणं ५० च्या खाली घसरलं की बाहेर, आणि ५२ आठवडे झालेलं २५ च्या खाली गेलं की बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी हा नियम कडक केला. आता २० आठवड्यांनंतर ५० च्या खाली, २६ नंतर २५ च्या खाली, ५२ नंतर १० च्या खाली आणि ७८ नंतर ५ च्या खाली, गाणं उतरणीला लागलेलं असेल तर टाटा बाय बाय. रॅपर केंड्रिक लमार आणि गायिका सिझा यांचं 'लूथर', जे त्याच वर्षी १३ आठवडे एक नंबरला होतं, ते नेमकं या नियमात सापडलं. त्याला अजून ५२ आठवडे झाले नव्हते, म्हणजे जुना नियम असता तर ते पहिल्या चाळिसात अजून थोडं रेंगाळलं असतं आणि ही बातमी त्या आठवड्यात तरी झालीच नसती.

त्यात भर म्हणजे आदल्याच आठवड्यात टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमची १२ च्या १२ गाणी पहिल्या १२ जागांवर येऊन बसली होती. ४० खुर्च्यांपैकी एवढ्या एकटीने अडवल्यावर बाकीच्यांनी कुठे बसायचं?

तुमच्या भाडेकरूंचंही यातच आलं. टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल' ११२ आठवडे यादीत होतं, दोन वर्षांपेक्षा जास्त, तो विक्रम आहे. तेही याच नियमाने बाहेर पडलं. त्यामुळे "रॅप मेलं" म्हणून गळे काढायची गरज नाही, मुख्यतः नियम बदललाय.

रातकिडा

अर्धी मात्रा, नियमाचं सगळं बरोबर पण "मुख्यतः नियम" हे काही पटलं नाही. एक आठवडा नियमाने समजावता येईल, आख्खं २०२३ कसं समजावणार? त्या वर्षी हॉट १०० वर रॅपचं पहिलं एक नंबरचं गाणं यायला सप्टेंबर उजाडला (दोजा कॅट), आणि अल्बमच्या यादीत पहिला रॅप अल्बम एक नंबरला आला तो जुलैमध्ये. आणि मधे ऑगस्टमध्ये काय झालं, तर पहिली तिन्ही गाणी कंट्री! जेसन अल्डीन, मॉर्गन वॉलन, ल्यूक कोम्ब्स. हॉट १०० सुरू झाली १९५८ ला, तेव्हापासून असं कधीच झालं नव्हतं. त्याच महिन्यात ऑलिव्हर अँथनी नावाचा माणूस, ज्याचं त्याआधी कुठल्याच चार्टवर नाव नव्हतं, गिटार घेऊन झाडीत उभा राहून गायला आणि थेट एक नंबरला उतरला. तेव्हा कुठला नियम बदलला होता?

माझं मत असं की कंट्री ऐकणारा श्रोता स्ट्रीमिंगवर (म्हणजे इंटरनेटवरून थेट गाणी ऐकण्याकडे) उशिरा आला. तो बराच काळ रेडिओ आणि सीडीवर होता आणि रॅप ऐकणारी पोरं आधीच फोनवर, त्यामुळे २०१५ ते २०१९ मध्ये रॅप जरा जास्तच फुगलेलं दिसलं आणि आता दुसरी गर्दी येऊन पोचलीय. शिवाय मॉर्गन वॉलनसारखे लोक अल्बममध्ये ३६-३७ गाणी कोंबतात, एकदा लावलं की दोन तास निवांत, प्रत्येक गाण्याचं स्ट्रीम वेगळं मोजलं जातं. ही युक्ती खरंतर रॅपवाल्यांचीच, आता हे लोक त्यांच्यापेक्षा सराईत झालेत.

ढोबळमानाने

रातकिड्याशी अर्धा सहमत, अर्ध्या मात्रेशी अर्धा सहमत, म्हणजे माझी एक पूर्ण सहमती खर्ची पडली.

पण या सगळ्यात एक मजा कोणी लक्षात घेत नाहीये. १९९१ पर्यंत बिलबोर्डची यादी कशी बनायची तर रेकॉर्डच्या दुकानांना फोन करायचे, "काय खपतंय हो या आठवड्यात?" आणि दुकानदार अंदाजे सांगायचा. आता दुकानदार काय सांगणार, त्याला जे आवडतं, जे कंपनीच्या माणसाने गळ्यात मारलंय आणि जे ढिगाने पडून आहे ते. मे १९९१ मध्ये अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅन आलं, म्हणजे काउंटरवर बारकोड वाजला की विक्री मोजली. लगेच जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. चा रॅप अल्बम एक नंबर! आणि त्याच वर्षी गार्थ ब्रूक्सचा अल्बम आल्या आल्या थेट एक नंबरला, कंट्री अल्बमच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. लोक रातोरात रॅप आणि कंट्री ऐकायला लागले नव्हते, आधीपासून विकत घेतच होते, फक्त कोणी धड मोजत नव्हतं.

म्हणजे बघा, आज ज्या दोघांची कुस्ती लावताय ते दोघे एकाच दारातून आत आलेत, बारकोडच्या.

आणि स्ट्रीमिंगने त्याहून मोठा घोळ घातलाय असं मला वाटतं. पूर्वी मी कॅसेट घेतली की माझी एक नोंद, विषय संपला. मग मी ती टेप तुटेपर्यंत घासून ऐकीन नाहीतर कपाटात टाकीन, चार्टला त्याचं काही देणंघेणं नाही. आता मी एखादं गाणं कामाला जाताना रोज लावलं तर रोज मोजलं जातं. विक्री मोजायची तेव्हा लोकांना नवं काय घ्यावंसं वाटलं ते दिसायचं, आता सवय दिसते, आणि सवय कुठे लवकर सुटते? म्हणून ती गाणी दोन दोन वर्षं हलत नाहीत. म्हणून दर डिसेंबरला नाताळची जुनी गाणी पहिल्या दहात घुसतात, मराया कॅरीचं १९९४ चं गाणं २०१९ ला पहिल्यांदा एक नंबरला गेलं, २५ वर्षांनी! गाणं तेच, बाईही तीच. आता हे मोजमापाने झालं का आवडीने, तुम्हीच सांगा, मला दोन्ही वेगळं करता येत नाही.

गुणगुण्या

अरे वा, एवढं अपेक्षित नव्हतं. बारकोडचं तर अजिबात माहीत नव्हतं.

पण मग एक बाळबोध प्रश्न. कुठलं गाणं कंट्री आणि कुठलं रॅप हे ठरवतं कोण? कारण मधे एक गाणं बारमधलं होतं, सारखं वाजायचं, ते मला रॅपच वाटलेलं.

रातकिडा

शबूझी या गायकाचं 'अ बार साँग' म्हणताय तुम्ही. २०२४ मध्ये १९ आठवडे एक नंबर. ते कंट्रीच, पण तुमचा कान खोटा नाही, त्यातला धागा २००४ च्या एका रॅप हिट गाण्यातून उचललाय. आणि गंमत म्हणजे १९ आठवड्यांचा तेव्हाचा विक्रम त्याने ज्याच्याबरोबर वाटून घेतला ते लिल नास एक्सचं २०१९ चं गाणं, जे बिलबोर्डनेच "हे पुरेसं कंट्री नाही" म्हणून कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं होतं! त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. पाच वर्षांनी बियॉन्से त्याच कंट्री यादीत एक नंबरला, तिथे पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तिच्यानंतर हा शबूझी. पोस्ट मलोन तर आधी रॅप करायचा, त्याने २०२४ ला सरळ कंट्री अल्बमच काढला. म्हणून रॅप कुठे गेलं विचाराल तर बरंचसं टोपी घालून पलीकडच्या रांगेत उभं आहे.

अर्धी मात्रा

ठरवतं कोण, तर बिलबोर्डचे संपादक. आणि २०१२ पर्यंत कंट्रीची मुख्य यादी फक्त कंट्री रेडिओवरून बनायची. ऑक्टोबर २०१२ पासून त्यात डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि इतर सगळ्या स्टेशनांवरचं वाजणं पण धरायला लागले. झालं, पॉप स्टेशनवर वाजणारी कंट्री गाणी वर चिकटून बसली, बीबी रेक्सा आणि फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं एक तर ५० आठवडे एक नंबर. वर्षाला दोन आठवडे कमी! जुन्या कंट्री श्रोत्यांना तेव्हा फार राग आला होता. रेडिओची वेगळी यादी अजून चालू आहे म्हणा.

डान्स संगीताचं याच्या उलट केलं. तिथे पॉप गायिका येऊन सगळ्या जागा खायला लागल्या म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी डान्स-पॉप अशी वेगळी यादीच काढून दिली. खरे डिजे लोक आता आपल्या यादीत सुखाने नांदतायत.

आणि रातकिडा, २०२३ चा मुद्दा मान्य. "मुख्यतः" शब्द मागे घेतो, "बराचसा" ठेवतो.

सा_रे_गा_मा_फ

मधेच तोंड घालतो. तुम्ही सगळे रॅप आणि कंट्रीतच अडकलात, स्पॅनिश आणि कोरियन गाण्यांचं काय? २०२२ मध्ये बॅड बनीचा पूर्ण स्पॅनिश अल्बम अमेरिकेत १३ आठवडे एक नंबरला होता. २०२३ मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक बाजाचं गाणं हॉट १०० च्या पहिल्या दहात पहिल्यांदा आलं. आणि २०२५ मध्ये 'गोल्डन', एका कार्टून सिनेमातल्या काल्पनिक के-पॉप बँडचं गाणं, आठ आठवडे एक नंबर. ज्या मुली अस्तित्वातच नाहीत त्यांनी भल्याभल्यांना मागे टाकलं. (गाणाऱ्या खऱ्या आहेत, माहितीये, लगेच चुका काढू नका.)

अवांतर: नोव्हेंबर २०२५ मध्ये एआयने बनवलेला 'गायक' कंट्रीच्या डिजिटल विक्रीच्या यादीत एक नंबरला गेला होता. ती बातमी पण अशीच फुगवली. डाउनलोड आता विकत घेतं कोण, काही हजार प्रती खपल्या तरी तिथे शिखर गाठता येतं.

ढोबळमानाने

फ चा मुद्दा चांगला आहे. पण पुन्हा मोजमापच आडवं येतं बघा. रेडिओच्या जोरावर यादी बनत होती तोवर स्पॅनिश गाण्याला इंग्रजी स्टेशन दारातही उभं करत नव्हतं.

ब्रिटनमध्ये तर याहून मजेशीर प्रकार. मार्च २०१७ ला एड शिरनचा अल्बम आला आणि पहिल्या २० गाण्यांत त्याचीच १६. लोक चिडले, यादी आहे का याचा अल्बम छापलाय. मग त्यांनी नियम केला की एका मुख्य कलाकाराची एका वेळी तीनच गाणी यादीत येणार. वर जुनं गाणं सलग घसरायला लागलं की त्याच्या स्ट्रीमची किंमत निम्मी. अमेरिकेत तीन गाण्यांची मर्यादा असती तर टेलर स्विफ्टची नऊ गाणी घरी बसली असती आणि त्या आठवड्यात आपण कदाचित हा धागाच काढला नसता.

अर्धी मात्रा

+१. आणि अजून बदलतंच आहे. अल्बमच्या यादीत आधी पैसे भरून ऐकलेली १२५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम खपला असं धरायचे, फुकटवाल्यांची ३७५०. जानेवारी २०२६ पासून १००० आणि २५००. यूट्यूबचं म्हणणं फुकट ऐकणारा आणि पैसे भरणारा सारखाच मोजा, ते ऐकलं नाही म्हणून त्यांनी आम्ही आकडेच देणार नाही असं जाहीर केलं. आता यूट्यूबवरच जास्त ऐकलं जाणारं संगीत कुठलं आणि त्याचं यादीत काय होणार, यावर वर्षभराने परत भांडू.

रातकिडा

रॅपवाल्यांनी सावध राहावं एवढंच म्हणतो.

गुणगुण्या

सगळ्यांचे आभार. मी काल रात्री हे वाचून मुद्दाम स्वतःच्या फोनवर बघितलं की या वर्षी मी सगळ्यात जास्त काय ऐकलं. रॅप शून्य, कंट्री शून्य, पहिल्या नंबरला पावसाचा आवाज, आठ तासांचा, बाळाला झोपवायला लावतो तो. त्याला कुठल्या यादीत टाकतात कोणाला माहितीये का?