मदत हवी आहे: फुटबॉलचा वर्ल्डकप कुठं होणार, उद्या संध्याकाळच्या आत सांगा

पेठेतला_बॅक: आमच्या तालमीच्या पोरांनी अंदाजाची स्पर्धा काढलीय, यजमान देशाचं नाव आणि दोन ओळीत कारण लिहून चिठ्ठी टाकायची, उद्या संध्याकाळी डबा बंद. नेटवर ज्याला जे वाटतंय ते लिहिलंय. नुसतं नाव नको, पटणारं कारण पाहिजे. लवकर सांगा.

रंकाळा_वारा: कुठल्या वर्षाचा? पुरुषांचा का महिलांचा? 2030 आणि 2034 तर 11 डिसेंबर 2024 लाच ठरलेत. 2030 मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल आणि शंभर वर्षं झाली म्हणून उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेत एकेक मॅच. 2034 सौदी.

पेठेतला_बॅक: ठरलेलं कोण विचारतंय ओ, त्याच्या पुढचा, 2038 चा, पुरुषांचा.

शिवाजीपेठ_10: मग डोळे झाकून भारत लिही भावा. 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप आपण घेतला, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये होता, फायनल कोलकात्यात झाली. 2038 पर्यंत सगळं होतंय.

गोलकीपर_काका: अनिकेतचा अभिमान मलाही आहे, पण 2034 साठी फिफानं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेनं, 14 स्टेडियम मागितली, प्रत्येक किमान 40 हजारांचं, फायनलला 80 हजार. आणि 2027 च्या एशियन कपची बोली आपणच 2022 ला मागं घेतली, ती स्पर्धा सौदीला गेली.

शिवाजीपेठ_10: क्रिकेटची ग्राउंड आहेत की.

गोलकीपर_काका: गोल ग्राउंडवर कॉर्नर फ्लॅगपासून पब्लिक किती लांब बसतं बघितलायस का? आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला लाइनजवळ बसून मॅच बघणाऱ्याला ते चालायचं नाही.

प्रवासी_करवीर: 2030 ला जायचं असेल तर एक लक्षात ठेवा, युरोपचा शेंगेन व्हिसा स्पेन-पोर्तुगालला चालतो, मोरोक्कोला चालत नाही. मॅच कुठल्या देशात ते बघून मगच तिकीट काढा.

पेठेतला_बॅक: दादा मी कुठं जात नाही, चिठ्ठी टाकायचीय.

रंकाळा_वारा: हिशोब खंडांचा लाव. मागचे दोन वर्ल्डकप ज्यांच्याकडं झाले त्या खंडांना बोली लावता येत नाही, म्हणूनच 2034 ला फक्त आशिया आणि ओशनियाला बोलावलेलं. हाच नियम 2038 ला राहिला तर 2030 मुळं युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका बाहेर आणि 2034 मुळं आशिया बाहेर, म्हणजे भारतही आणि चीनही. ऑस्ट्रेलिया 2006 पासून आशियात खेळतंय, तेही गेलं. उरलं उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडचा ओशनिया. न्यूझीलंडनं 2023 चा महिला वर्ल्डकप ऑस्ट्रेलियाबरोबर घेतला, पण 48 टीम आणि 104 मॅच एकट्याला झेपणार नाहीत. अमेरिका लिही.

मंगळवारपेठ_विंगर: नियम बदलायला त्यांना किती वेळ लागतोय? 2034 ची बोली लावा म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात सांगितलं आणि महिना संपायच्या आत मुदत संपली, ऑस्ट्रेलिया मागं सरलं, सौदी एकटं उरलं, टाळ्या वाजवून मंजूर. पैसा असेल तिकडं जाणार, मी चीन म्हणतो.

गोलकीपर_काका: 2026 च्या वर्ल्डकपसाठी मतदान झालं होतं ना, मॉस्कोत, 2018 ला. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा 134, मोरोक्को 65. आता सगळ्या देशांच्या संघटनांना मत आहे, 2010 च्या मतदानासारखं फिफाच्या बावीस जणांवर नाही.

मंगळवारपेठ_विंगर: एकच बोली आल्यावर मत देऊन करायचं काय?

पेठेतला_बॅक: खंडांचं कारण पटलं, तेच लिहितो. पण अमेरिका एकटी लिहू का तिघं मिळून?

रंकाळा_वारा: चिठ्ठीत एकापेक्षा जास्त देश चालतात का?

पेठेतला_बॅक: ते विचारलंच नाही, थांबा, तालमीत फोन लावतो.