मदत हवी आहे : मधुमेहाच्या इंजेक्शनाने दारूची ओढ कमी होते का?

रंकाळाकाठ : सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाने दारूची ओढ कमी होते, असे वाचनात आले. यजमानांसाठी ते सुरू करायचे आहे. किती मात्रेपासून सुरुवात करावी आणि कोल्हापुरात ते कुठे मिळेल, हे कृपया आजच सांगावे. दारू वाईट असते, हे मला ठाऊक आहे.

शाहूपुरीकर : ताई, त्यांना मधुमेह आहे का, वजन किती आहे, रोज किती पितात, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पंचगंगा : मला हे इंजेक्शन साखरेसाठी दिले होते. पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. सुरुवातीला मळमळ होते, तेव्हा तेलकट टाळावे.

उत्तरेश्वर : त्यापेक्षा नाल्ट्रेक्सोनबद्दल विचारा. दारूच्या व्यसनासाठी अमेरिकेत त्याला १९९४ पासून मान्यता आहे आणि माझ्या थोरल्या भावाला त्याचाच गुण आला.

शाहूपुरीकर : भावाला गुण आला म्हणून सर्वांना येईल, असे नाही. सेमाग्लुटाइडवर २०२५ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी ४८ जणांवर नऊ आठवडे चालली. तीत ओढ आणि एका दिवसात पिण्याचे प्रमाण घटले, पण पिण्याचे दिवस घटले नाहीत. त्याच औषधगटातील एक्झेनाटाइड या औषधाच्या डेन्मार्कमधील चाचणीत स्थूल रुग्णांचे अतिमद्यपान कमी झाले, सडपातळ रुग्णांचे मात्र वाढलेले दिसले. वजन विचारले ते यासाठीच.

रंकाळाकाठ : मधुमेह नाही. वजन ५१ किलो, उंची पाच फूट सात इंच. रोज हाफ लागतो. सकाळी हात इतके थरथरतात की बशीतला चहा सदऱ्यावर सांडतो. दोन घोट पोटात गेले की हात स्थिर होतात. इंजेक्शन मिळाले की घरातली बाटली मी त्याच दिवशी मोरीत ओतणार होते.

शाहूपुरीकर : ताई, कृपया तसे करू नका. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, आणि सेमाग्लुटाइड ते थांबवत नाही. उलट भूक मारून आधीच रोडावलेल्या शरीराला ते आणखी खंगवेल. कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्यांना न्या. दारू तोडताना तेथे देखरेखीखाली औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात.

उत्तरेश्वर : नाल्ट्रेक्सोननेही थरथर थांबत नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. भावालाही आधी दाखल करावे लागले होते.

रंकाळाकाठ : उद्या सकाळी नेते. पण काही न घेता ते रिक्षातसुद्धा बसू शकणार नाहीत. काय करू?

शाहूपुरीकर : ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत न्या, तपासणीसाठी म्हणून बळजबरीने कोरडे ठेवू नका. शेवटचा घोट कधी आणि किती घेतला, ते मात्र चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या. रात्रीच फिट आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.