कोकणातली कातळशिल्पं नक्की कोणी कोरली?

सडेकर: मे महिन्यात राजापूरजवळ कशेळीला जाऊन आलो, तिथला कातळावर कोरलेला हत्ती बघितला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. जवळजवळ १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्या एका हत्तीच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेत! जमिनीवर उभं राहून आख्खा दिसतच नाही, मग कोरणाऱ्याने माप कसं धरलं असेल? आणि एवढी जुनी आहेत हे कशावरून ठरवतात?

जांभा_दगड: वय ठरवणं हाच तर खरा घोळ आहे भाऊ. कोरलेल्या दगडात कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन डेटिंग थेट करता येत नाही. मग चित्रांवरूनच अंदाज. गेंडा आणि पाणघोडा कोरलाय, आज कोकणात दोन्ही नाहीत. शेतीची चित्रं जवळपास नाहीतच, म्हणून शिकारी लोकांचं काम असावं असं म्हणतात. मला पाणघोड्याचा मुद्दा जास्त पटतो, न बघता कोण कोरेल?

राजापूरची_लेक: आमच्याकडे म्हातारी माणसं ही पांडवांनी काढलेली म्हणायची. देवाचे गोठणे गावाला जा, तिथल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच फिरते, मी स्वतः ठेवून बघितलंय. हे माहीत असून जागा निवडली की योगायोग, देव जाणे.

सडेकर: बाप रे, हे माहीतच नव्हतं! पुढच्या खेपेला होकायंत्र घेऊनच जातो.

जांभा_दगड: जा, पण चपला काढून चाल रे, रेषा झिजतायत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव आलंय, तरी बऱ्याच ठिकाणी साधं कुंपणही नाही.