मदत हवी आहे: जुन्या जी२५ स्टेअरिंगचा मध्य सरकतोय, आणि बसायची फ्रेम दोघांना चालेल अशी हवी

नमस्कार मंडळी,

मी चाळीसगावचा. मागच्या वर्षी धाकट्या भावासाठी नाशिकहून एक जुनं लॉजिटेक जी२५ आणलं, म्हणजे कॉम्प्युटरवर गाड्यांचे खेळ खेळायचं स्टेअरिंग. मॉडेल २००६ सालचं, चामड्याचं आवरण, तीन पेडल, सहा गिअर आणि रिव्हर्सचा दांडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे. देणाऱ्याने समोर चालवून दाखवलं, तेव्हा उत्तम चालत होतं. नंतर परीक्षांच्या नादात ते अख्खा उन्हाळा पत्र्याच्या खोलीत पडून राहिलं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. चूक माझी.

आता त्रास असा. यूएसबी जोडली की चाक नेहमीसारखं डावीकडे, उजवीकडे फिरून स्वतःचा मध्य शोधतं. पण थांबतं तिरकं. बारा वाजताच्या जागी मी पांढरी चिकटपट्टी लावली आहे, ती अकराच्या जागी उभी राहते. असेटो कोर्सा या रेसिंगच्या खेळात भाऊ कठड्याला जोरात धडकला की ती आणखी सरकते. केबल काढून परत लावली तर कधी बरोबर येतं, कधी जास्तच वाकडं.

हे मला आधी कळलं नव्हतं, नानांनी म्हणजे वडिलांनी सांगितलं. नाना एसटीत ड्रायव्हर होते, कन्नड घाटात त्यांची अर्धी नोकरी गेली. एका डोळ्याने कमी दिसायला लागल्यापासून त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं, तेव्हापासून घरात गप्प असतात. एका संध्याकाळी भाऊ उठला आणि नाना सहज बसले. युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला. दोन मिनिटांत म्हणाले, "आरे, हाई स्टेअरिंग डावीकडे वढी राहिनं." आम्ही दोघं पंधरा दिवस खेळत होतो, आम्हाला वाटत होतं रस्ताच तसा आहे.

आता रोज जेवण झालं की ते बसतात, म्हणून हे नीट करायचंच आहे. प्रश्न तीन:

१. मध्य का सरकतो आणि घरी दुरुस्त होईल का?
२. ब्रेकला पाय न लावताही विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत ब्रेकची रेघ थरथरते. पेडल बदलावी लागतील का?
३. धुळे रोडवरच्या वेल्डरकडून चौकोनी पाईपची फ्रेम करून घ्यायची आहे. भावाला रेसिंगसाठी खाली, पाय लांब करून बसायचंय. नानांना बसच्या सीटसारखं उंच, ताठ. एकाच फ्रेममध्ये दोन्ही कसं बसवू?

सॉफ्टवेअरची अडचण नाही. सुरुवातीला विंडोजने त्याला नुसतं 'ड्रायव्हिंग फोर्स' म्हणून ओळखलं आणि चाक थोडंसं फिरवलं की गाडी पूर्ण वळायची. लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर ५.१० टाकल्यावर ९०० अंश मिळाले. लॉजिटेकच्या नव्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये जी२५ येत नाही, हे नवीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रतिसाद १

भाऊ, एन्कोडरची चकती बघा. आत हाताला झटके आणि जोर देणाऱ्या दोन मोटारी असतात. त्यातल्या एकीच्या मागच्या टोकाला खाचांची छोटी प्लॅस्टिकची चकती बसवलेली असते. सेन्सर त्या खाचा मोजतो आणि त्यावरून चाक किती फिरलं ते ठरवतो. वय झालं की या चकतीला मोटारीच्या दांड्यापाशी बारीक तडा जातो. मग जोराचा झटका आला की दांडा फिरतो, चकती जागीच घसरते, आणि मोजणी चुकते. तुमची पट्टी धडकेनंतरच सरकते, त्यावरून मला तरी दुसरं काही वाटत नाही.

खात्री अशी करा. यूएसबी आणि अॅडॉप्टर दोन्ही काढा, चाक उलटं ठेवा, खालचे स्क्रू काढा. चकती आणि दांडा दोघांवर मार्करने एकच सरळ रेघ ओढा. बंद करा, जोडा, दोनचार धडका मारा, परत उघडा. रेघ तुटलेली दिसली तर रोग सापडला.

उपाय दोन. पितळी किंवा थ्रीडी छापलेली नवी चकती मिळते, मात्र खाचा मोजूनच मागवा, एक जरी कमीजास्त असली तरी हिशोब चुकतो. किंवा अरल्डाइटचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दांड्यापाशी, आणि रात्रभर हात लावू नका. फेव्हीक्विक वापरू नका, त्याची वाफ सेन्सरच्या काचेवर पांढरी बसते.

उघडलंच आहे तर गिअरच्या दात्यांवरचं जुनं कडक ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालेल असं पांढरं ग्रीस लावा. कडकड बरीच कमी होईल.

प्रतिसाद २

पेडल बदलू नका. प्रत्येक पेडलमागे एक पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) आहे, त्यात धूळ बसली की रेघ अशीच नाचते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून काँटॅक्ट क्लीनर आणा, आत फवारा आणि पेडल पन्नासेक वेळा दाबा. साधं गंजतेल मारू नका, त्यावर धूळ परत चिकटते.

प्रतिसाद ३

फ्रेमबद्दल माझं ठाम मत: आधी मजबुती, मग दिसणं. चाक टेबलाला लावलं आणि टेबल डुललं तर मोटारीचा अर्धा जोर टेबलच खातं, हाताला काही येत नाही. ४० × ४० मिमीचा पाईप, २ मिमी जाडीचा घ्या. जी२५ च्या तळाला बोल्टची दोन भोकं आहेत, शिकंजे न लावता सरळ बोल्टनेच पाटीवर आवळा.

दोघांसाठी सीट हलवण्यापेक्षा चाकाची पाटी हलती करा. दोन उभ्या पाईपमध्ये दर दोन इंचाला भोक पाडा आणि पाटी बोल्टने वरखाली करा. पाटीला बिजागरीसारखा एक बोल्ट द्या, म्हणजे तिचा कोनही बदलेल. बसचं स्टेअरिंग जवळजवळ आडवं असतं, ते तुमच्या वडिलांना लागेलच. सीट भंगारातून कारचीच घ्या, रेल्ससकट. आणि गिअरचा दांडा डावीकडे लावा. त्यांचा डावा हात इतकी वर्षं गिअरवर होता, उजवीकडे दिलात तर त्यांना ते कधीच आपलं वाटणार नाही.

धागाकर्ता

काल रात्री उघडलं. चकतीला केसाएवढा तडा होता, नखाने ढकलली तर दांड्यावर फिरत होती. अरल्डाइटचा ठिपका लावून रात्रभर ठेवलं. सकाळी जोडलं, पट्टी बरोबर बारावर. भावाने मुद्दाम चार वेळा धडकवलं, हलली नाही. नवी चकती तरीही मागवतो, ठिपका किती दिवस टिकेल काय सांगावं. ब्रेकची रेघही फवारणीनंतर स्थिर झाली.

गिअर डावीकडे ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मनापासून आभार. ट्रकची केबिनही उजव्या स्टेअरिंगची करून दिली.

प्रतिसाद १

छान. सॉफ्टवेअरमधली सेन्टरिंग स्प्रिंग (चाक आपोआप मध्याकडे ओढणारी सेटिंग) शून्यावर ठेवा, नाहीतर खेळाकडून येणारा जोर आणि स्प्रिंग एकमेकांशी भांडतात. असेटो कोर्साच्या सेटिंगमध्ये मिनिमम फोर्स थोडा वाढवा. आतल्या दातेरी गिअरवर चालणाऱ्या अशा स्टेअरिंगमध्ये मध्याजवळ जो मेलेला भाग जाणवतो तो त्याने भरून निघतो. आणि मे महिन्यात तासभर सलग खेळू नका, मोटार तापली की जोर उतरतो. शेजारी टेबलफॅन लावा.

धागाकर्ता

स्प्रिंग शून्यावर केला. नाना आज उतारावर तिसरा गिअर टाकून ब्रेकला पाय न लावता खाली आले. भावाला म्हणाले, घाटात ब्रेक धरून ठेवशील तर खाली येईपर्यंत ब्रेक राहणार नाही.

उद्या वेल्डरकडे जातोय. एकच विचारायचं राहिलं: गिअरचा दांडा सीटच्या पातळीला ठेवू की गुडघ्याच्या? ज्यांनी एसटी किंवा ट्रक चालवलाय त्यांनी सांगितलं तर बरं होईल. नानांना विचारलं तर ते हवेत हात धरून दाखवतात आणि दर वेळी उंची वेगळी येते.