ललितेतर पुस्तक: टिपणं साडेतीनशे, प्रकरणं शून्य

पाटीपेन्सिल:
कुलपांच्या इतिहासावर पुस्तक करायचंय. साडेतीनशे टिपणं जमलीत. मांडणी काळानुसार करावी की विषयानुसार? १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनाचंच घ्या. हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब आणि ब्रामा या इंग्रज कंपन्यांची 'अभेद्य' कुलपं तेव्हा उघडून दाखवली. हा प्रसंग तंत्रात बसतो, धंद्यात बसतो आणि चोरांच्या प्रकरणातही. शिवाय लिहायला बसण्याआधी आणखी किती वाचायचं?

समास:
काळ की विषय हे नंतर. आधी पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. 'कुलपांचा इतिहास' हा नुसता विषय. 'कुलूप सुधारलं ते फोडणाऱ्यांमुळे' हे म्हणणं झालं. असं काही ठरलं की १८५१चा प्रसंग आपोआप मध्यावर येतो. तो एकदाच सविस्तर सांगा, इतरत्र एका ओळीत उल्लेख पुरे.

मग प्रत्येक प्रकरणाला एक प्रश्न द्या. प्रश्न सुचत नसेल तर ते प्रकरण नव्हे, अडगळीची खोली. टिपणं वाटताना प्रत्येकाला एकच घर. कुठेच न बसणारी 'उरलेलं' या फाइलमध्ये टाका, फेकू नका. एका प्रकरणात साठ आणि दुसऱ्यात चार टिपणं आली, तर पहिलं फोडा, दुसरं शेजारच्यात मिसळा.

हिशेबही आधीच मांडा: ६०,००० शब्द, १२ प्रकरणं, म्हणजे प्रत्येकी ५,०००. रोज ५००, आठवड्याला पाच दिवस धरले तर कच्चा खर्डा २४ आठवड्यांत. पुनर्लेखनाचा वेळ यात धरलेला नाही, आणि बहुतेकांचं वेळापत्रक कोसळतं ते तिथेच.

खुणेचं पान:
वाटणीआधी टिपणं तपासा. प्रत्येकावर पुस्तक, आवृत्ती, पान क्रमांक हवा. आवृत्ती बदलली की पानं सरकतात. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ते वाक्य स्वतःचंच वाटतं आणि नकळत वाङ्मयचौर्य होतं. चित्रांची यादी आत्ताच करा. चित्र जुनं असलं तरी ते देणाऱ्या संग्रहालयाच्या अटी असू शकतात, आणि परवानगीला वेळ लागतो.

वाचनाचं म्हणाल तर नव्या पुस्तकात जुनीच माहिती भेटू लागली की थांबा. एक मधलं प्रकरण लिहून काढा. काय कमी आहे ते तिथे उघडं पडतं, मग तेवढंच शोधून वाचायचं.

पाटीपेन्सिल:
मधलं का? पहिलंच का नको?

समास:
पहिलं प्रकरण पुस्तक काय देणार ते सांगतं. ते बाकीची लिहून होईपर्यंत बदलत राहतं, म्हणून आधी लिहिलेलं बहुधा पुन्हा लिहावं लागतं. सर्वांत जास्त टिपणं असलेल्या प्रकरणापासून सुरू करा.