ट्रॅक्टरातला 'कटआउट' म्हणजे काय?

आमच्या जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी रोज सकाळी उतरलेली असते. सेल्फ मारला की नुसतं 'टक' वाजतं, मग उतारावरून ढकलायचा. मिस्त्री म्हणाले, "डायनामो चांगलाय, कटआउट गेलाय." मी तालुक्याला जाऊन दुकानात कटआउट मागितला, तर त्याने चिनीमातीचा फ्यूज काढून दिला, घरात मीटरजवळ असतो तसला. मिस्त्री पोट धरून हसले. एकाच नावाच्या या दोन वस्तू कशा? आणि कटआउटला मराठीत काय म्हणायचं?

—

नाव एक, काम वेगळं. घरातल्या कटआउटमधली तार वितळून वीज तोडते (काही जण त्याला किटकॅट म्हणतात). ट्रॅक्टरातला तोडतो आणि जोडतोही. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की डबीतली गुंडाळी चुंबक होऊन पट्टी खाली ओढते, टोकं टेकतात आणि करंट बॅटरीत जातो. इंजिन मंदावलं, दाब पडला की करंट उलटा वळू पाहतो, तेव्हा पट्टी सुटते. विहिरीतला फुटवाल आठवा. मोटर बंद झाल्यावर तो पाणी मागे जाऊ देत नाही, हाही तेच करतो. नव्या ट्रॅक्टरांत डायनामोऐवजी अल्टरनेटर असतो, त्याला हा लागत नाही, तिथे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात.

—

टोकं चिकटली तर? मग रात्रभर बॅटरी डायनामोत रिकामी होत राहते. शाळेच्या पुस्तकात डायनामोला 'विद्युत जनित्र' आणि मोटरीला 'विद्युत चलित्र' म्हणतात. हे शब्द वर्गाबाहेर कुणी बोलत नाही, पण इथे नेमके कामी येतात: कटआउट चिकटला की जनित्र चलित्र व्हायला बघतं. पट्ट्यामुळे ते फिरू शकत नाही, म्हणून नुसतं तापतं. तपासायला सोपं आहे. इंजिन आणि चावी बंद असताना अँपमीटरचा काटा मधोमध हवा. डिस्चार्जकडे पडून राहिला असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, बाकीचं मग बघू.

—

थोडं अवांतर. बॅटरी 'उतरते', पण 'चढत' का नाही? ताप चढतो आणि उतरतो, विषही तसंच. बॅटरी मात्र भरते किंवा चार्ज होते. आणि आमच्याकडे 'उतरली' आणि 'बसली' यात फरक करतात. उतरली ती चार्जिंगला लावली की उठते, बसली ती गेली.

—

आमच्याकडेही असंच बोलतात. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी बंद असताना साधारण १२.६ दाखवते. इंजिन चालू करून १४ च्या आसपास गेली नाही तर चार्जिंग पोचत नाही. तेव्हा डायनामोतले कार्बन (ब्रश) झिजलेत का, पट्टा सैल आहे का, तेही बघा. दरवेळी बिचाऱ्या कटआउटवर खापर नको.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर 'विच्छेदक' असं काहीतरी करता येईल, पण मिस्त्रीसमोर तो उच्चारून बघा. तुमच्या दुकानदारालाही 'डायनामोचा कटआउट' एवढं सांगितलं असतं तर चाललं असतं.

—

काटा डिस्चार्जलाच होता, टोकं चिकटली होती. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरने घासून दिली, पण म्हणाले, नवीन घे. आज पूर्ण नाव घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अर्थ काय आहे?" मी म्हटलं, डायनामोकडून बॅटरीकडेच करंट जाऊ देणारा. तो म्हणाला, "तो अर्थ नाही हो, अर्थिंग. बॅटरीचं प्लस बॉडीला आहे का मायनस?"

बघायला परत घरी आलोय.