लिथियम चालू आहे, चिपळूणला आलोय. डॉक्टर कुठला धरू?

लोटेकर
नमस्कार मंडळी. वय ३१, केमिकल इंजिनीअर. बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं; लिथियमच्या गोळ्यांवर बरीच वर्षं नीट चाललंय. पुण्यातली नोकरी सोडून लोटे एमआयडीसीत लागलो, राहायला चिपळूणला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "फोनवर मी आहेच, पण तिकडे जवळचा कुणीतरी बघून ठेव."

इथे एका खासगी दवाखान्यात बाहेरगावचे मानसोपचारतज्ज्ञ पंधरा दिवसांनी येतात, पण गर्दी मरणाची. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, म्हणजे ९० किलोमीटर आणि एक रजा. तिसरे आमच्या गल्लीतले फॅमिली डॉक्टर. ते म्हणतात, "त्याच गोळ्या तर आहेत, मी देतो की लिहून." आईचं मत त्यांना. मनोरुग्णालयाच्या फाटकातून जाताना कुणी पाहिलं तर लग्न जमणार नाही, असं तिचं म्हणणं.

प्लँटमध्ये उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात आणि तीन पाळ्या आहेत, हेही सांगून ठेवतो.

सुमनमावशी_मिरज
लोटेकर, मी निवृत्त शिक्षिका. अर्धी नोकरी लिथियमवर केली, मुलांना कळलंही नाही.

माझी कसोटी एकच. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत हा डॉक्टर सापडतो का? पदव्या, भिंतीवरची पदकं सगळं नंतर. लिथियमचं असं आहे की गोळी तीच, डोस तोच, पण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. जुलाब, ताप, निर्जळी उपवास, एकदम मीठ सोडणं, आणि तुझा तो तापलेला प्लँट. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागले, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, तर "पुढची तारीख पंधरा दिवसांनी" हे उत्तर काय चाटायचंय?

म्हणून त्या येणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचार, "रविवारी रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले तर मी काय करू?" जो म्हणेल अमुक नंबरवर फोन करा, पुढची गोळी घेऊ नका, अमुक ठिकाणी जाऊन रक्त तपासा, तो तुझा डॉक्टर. जो म्हणेल "काही होत नाही हो", त्याला नमस्कार.

आणि ते तुला काय विचारतात तेही ऐक. रक्तातली लिथियमची पातळी शेवटची किती होती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), थायरॉइड कधी केलं, झोप किती, दुसऱ्या कुठल्या गोळ्या. इथे एका नामांकितांकडे मी जात होते. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी कधी विचारलीच नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक लिथियम वाढवतात, हे मला कळलं ते औषधाच्या दुकानात. त्याच महिन्यात दार बदललं.

गल्लीतल्या डॉक्टरांना तोडू नकोस. ताप आला की आधी तेच भेटणार, तेव्हा त्यांच्या कागदावर "लिथियम चालू" असं ठळक लिहून घे. डोस मात्र त्यांनी ठरवायचा नाही. आणि आईला सांग, मनोरुग्णालयाच्या ओपीडीत आलेला प्रत्येक जण आपल्याला कुणी पाहू नये म्हणून खालीच बघत असतो.

निसर्गप्रेमी
या गोळ्यांनी किडनी जाते. मी सगळं सोडून प्राणायाम धरला, आज ठणठणीत.

दुकानदार_कराड
निसर्गप्रेमी, प्राणायाम जरूर करा. वर्षानुवर्षांत मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो हे खरं, म्हणून तर दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. पण लिथियम एकदम तोडलं की आजार उसळून येतो. काउंटरवर बसून मी ते पाहिलंय.

लोटेकर, माझं काउंटरवरचं ज्ञान. ३०० ची साधी गोळी आणि ४०० ची एसआर (पोटात हळूहळू विरघळणारी) गोळी एकमेकींच्या बदली चालत नाहीत. "साहेब, ही नाही, ती देऊ?" असं कुणी म्हटलं तर आधी डॉक्टरांना फोन. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. आणि लॅबवाल्याला नळीचं टोपण विचारा. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपॅरिनच असतं. त्यात घेतलं तर रिपोर्ट उगाच चढा येतो आणि घरच्यांची पळापळ.

पाटीवर "मानसोपचार" दिसलं म्हणून आत शिरू नका. समुपदेशकही तसं लिहितात. औषध लिहिणारा मानसोपचारातला एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर हवा, आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक.

पाळीवाला
मी तारापूरला. मलाही बायपोलर. तुम्ही सगळे गोळ्यांवरच बोलताय! रात्रपाळीने झोप मोडली की आमची गाडी रुळावरून घसरते. नव्या डॉक्टरांना थेट विचार, "रात्रपाळी टाळावी असं पत्र द्याल का?" माझ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव न घालता दोन ओळी लिहिल्या, कंपनीच्या डॉक्टरांनी मान्य केल्या. पहिल्या डॉक्टरांनी पत्राला नकार दिला होता, "ते आमचं काम नाही" म्हणून. मग कुणाचं?

लोटेकर
सगळ्यांचे आभार. पुण्याहून फाइल मागवलीय. आधी तिथला स्टाफ कुरकुरला, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपले वैद्यकीय कागद मागायचा हक्क पेशंटला आहे, म्हटल्यावर स्कॅन करून पाठवले.

येणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मावशींचा रविवारचा प्रश्न विचारला. क्षणभर बघत राहिले, मग स्वतःचा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहिला आणि म्हणाले, "मेसेज आधी, फोन नंतर, आणि रात्री काही झालं तर थेट कॅज्युअल्टी, मी तिथे बोलून घेतो." रात्रपाळीचं पत्र पुढच्या भेटीला देणार, त्यांना आधी माझे झोपेचे तास लिहिलेले हवेत. रत्नागिरीला सध्या जात नाही, पण पत्ता फोनमध्ये ठेवलाय.

लॅबमधल्या मुलीला टोपणाचा रंग विचारला. ती म्हणाली, "लाल. तुम्ही लॅबमध्ये काम करता का?"

सुमनमावशी_मिरज
छान. आता चिठ्ठीच्या मागचा तो नंबर आईच्या फोनमध्येही घाल. जीभ जड झाली असेल तेव्हा फोन तिलाच करायचाय.